शेअर १४, पैज एकच: कोरिलेशन बघून पोर्टफोलिओ नीट कसा लावायचा

माझा मेहुणा ऐरोलीला आयटीत आहे, राहायला घोडबंदर रोडला. एका रविवारी तलावपाळीला चहा पिताना त्याने मोबाईल पुढे केला, म्हणाला, भावोजी, १४ कंपन्या आहेत, फुल डायव्हर्सिफाय केलंय. बघितलं तर चार प्रायव्हेट बँका, दोन एनबीएफसी (बँक नसून कर्ज देणाऱ्या कंपन्या), एक हाउसिंग फायनान्स, तीन आयटी, एक सिमेंट, एक बिल्डर, एक पेंट आणि एक एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारखा रोजचा माल). म्हणजे १४ पैकी सात कंपन्यांचा धंदा एकच, कर्ज द्यायचं आणि व्याज कमवायचं. त्यात याचा पगार आयटीचा, फ्लॅट ठाण्यात आणि त्या फ्लॅटवर होम लोन.

हे त्याचं एकट्याचं नाही. बरेच जण शेअर मोजतात, पैजा मोजत नाहीत. आणि ज्यांना कोरिलेशन हा शब्द माहिती आहे ते कुठल्यातरी वेबसाइटवरचा लाल-हिरवा तक्ता उघडतात (लाल म्हणजे कोरिलेशन जास्त, हिरवा म्हणजे कमी), लाल दिसला की विकतात, हिरवा दिसला की घेतात, आणि वर्षभराने म्हणतात की हे सगळं थिअरी आहे. थिअरी ठीक आहे, क्रम चुकतो. म्हणून खाली क्रमानेच लिहिलंय, मधली पायरी गाळू नका. दोन शनिवार संध्याकाळी बसलात तर काम होतं, लॅपटॉप आणि गुगल शीट एवढंच लागतं.

कोरिलेशन म्हणजे काय ते दोन ओळीत: दोन शेअर्सचे परतावे एकत्र हलतात का याचा आकडा, मायनस १ ते प्लस १. प्लस १ म्हणजे सोबतच वरखाली, शून्य म्हणजे एकमेकांशी घेणंदेणं नाही, मायनस म्हणजे उलट दिशेला. भारतातले दोन शेअर घेतले तर मायनस क्वचितच येतो, त्यामुळे मायनसच्या शोधात वेळ घालवू नका, कमी प्लस मिळाला तरी पुष्कळ आहे.

१. आधी सगळी यादी, शेअर नंतर

शीट उघडायच्या आधी एक कागद घ्या. सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्था) ईमेलवर कॉन्सॉलिडेटेड अकाउंट स्टेटमेंट येतं, पासवर्ड तुमचा पॅन असतो, ते उघडा. त्यात डीमॅटमधले शेअर आणि म्युच्युअल फंड दोन्ही एकत्र दिसतात. दोन ब्रोकरकडे अकाउंट असेल तर लोक हमखास एक विसरतात, इथे विसरता येत नाही. बायकोच्या नावावर जे आहे तेही लिहा, घर एकच आहे.

मग फंड उघडून आत बघा. तुमच्याकडे तीन बँकांचे शेअर आहेत आणि शिवाय एक निफ्टी इंडेक्स फंड (निफ्टी ५० मधल्या मोठ्या कंपन्या जशाच्या तशा घेणारा) आणि एक फ्लेक्सीकॅप (छोट्या-मोठ्या कुठल्याही कंपन्या घेणारा फंड) आहे, तर बँका तीनच आहेत असं समजू नका. निफ्टी ५० मध्ये साधारण तिसरा हिस्सा फायनान्शियल कंपन्यांचा असतो, त्यामुळे इंडेक्स फंडातल्या प्रत्येक लाखातले तीस-पस्तीस हजार आधीच तिकडे गेलेत. फंड हाउस दर महिन्याला पूर्ण पोर्टफोलिओ जाहीर करतं, तो डाउनलोड करून पहिल्या दहा कंपन्या बघितल्या तरी अंदाज येतो.

आता जे कोणी लिहीत नाही ते लिहा: पगार कुठून येतो आणि घर कुठे आहे. ऐरोली, महापे, घणसोलीला आयटीत काम करणाऱ्या माणसाकडे कंपनीचे ईसॉप्स (नोकरीत मिळणारे कंपनीचेच शेअर), वर टीसीएस, वर इन्फोसिस, वर आयटी सेक्टर फंड असं सर्रास असतं, कारण म्हणे आपल्याला ही इंडस्ट्री कळते. कळते हे खरं, पण अमेरिकेतल्या क्लायंटने बजेट कापलं की व्हेरिएबल पे, ईसॉप्स, दोन्ही शेअर आणि फंड एकाच तिमाहीत खाली येणार, आणि ईएमआयची तारीख तर तीच राहणार. तसंच उलव्यात नवी मुंबई एअरपोर्टच्या नावाने फ्लॅट बुक केलाय, वर बिल्डरचा शेअर, सिमेंट, टाइल्स आणि हाउसिंग फायनान्स पण घेतलंय, तर एअरपोर्ट सुरू झालं ते छानच झालं पण घरांचं मार्केट दोन वर्षं थंड पडलं तर सगळंच सोबत थंड.

पगार आणि फ्लॅट शीटमध्ये आकड्यात टाकता येत नाहीत. कागदावर सगळ्यात वर लाल पेनाने लिहून ठेवा, पायरी ५ ला लागेल.

तपासून घ्या: प्रत्येक ओळीपुढे आजची किंमत रुपयात आहे का? किती शेअर आहेत याला अर्थ नाही, किती रुपये आहेत याला आहे.

२. डेटा: आठवड्याचा, किमान तीन वर्षं

रोजचा भाव घेऊ नका, महिन्याचाही नको, आठवड्याचा घ्या. याला कारण आहे. रोजच्या डेटात छोट्या कंपन्या फसवतात, त्यात खरेदी-विक्री कमी, कधी सर्किट लागलेलं (दिवसाची मर्यादा गाठून भाव अडकलेला), त्यामुळे मार्केट सोमवारी पडलं तर तो शेअर बुधवारी पडतो आणि शीट म्हणते वा, संबंधच नाही. अमेरिकन इंडेक्सच्या फंडाचं तेच, तिथलं मार्केट आपल्याकडे संध्याकाळी उघडतं, तिथली आजची पडझड आपल्या उद्याच्या भावात दिसते, म्हणून रोजच्या डेटात कोरिलेशन उगाच कमी येतं. आठवड्यात हे बरंचसं भरून निघतं.

महिन्याच्या डेटाची अडचण वेगळी. तीन वर्षांत महिने फक्त ३६. खरं कोरिलेशन ०.३ असेल तर ३६ आकड्यांवरून ते शून्यापासून ०.६ पर्यंत काहीही दिसू शकतं. तीन वर्षांचे आठवडे १५६ होतात, तेव्हा तेच साधारण ०.१५ ते ०.४५ मध्ये येतं. तरी अंतर मोठंच आहे, म्हणून दोन दशांशापुढचे आकडे बघून निर्णय घेणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

गुगल शीटमध्ये गुगलफायनान्स नावाचं फंक्शन आहे. फॉर्म्युला टाइप करताना इंग्रजीतच करायचा, क्रम असा: आधी सिम्बॉल, म्हणजे एनएसई मग कोलन मग कंपनीचं सिम्बॉल, मग क्लोज, मग सुरुवातीची तारीख, मग शेवटची तारीख, मग वीकली. तारीख आणि बंद भाव असे दोन कॉलम येतात. प्रत्येक शेअरला वेगळी टॅब करायच्या भानगडीत पडू नका, एकाच टॅबमध्ये शेजारी शेजारी लावा आणि तारखा आडव्या जुळतात का ते बघत जा. एखाद्या शेअरचा एक आठवडा गायब असला की तिथून खालचं सगळं एका ओळीने सरकतं. शीट त्याबद्दल काहीही बोलत नाही, उत्तर मात्र कचरा येतं.

नवीन लिस्ट झालेल्या कंपन्यांचा जुना डेटा नसतोच. झोमॅटो जुलै २०२१ मध्ये लिस्ट झाली, एलआयसी मे २०२२ मध्ये, त्याआधीचं काही मिळणार नाही. गेल्या वर्षी आयपीओत लागलेल्या शेअरचं ४० आठवड्यांवर कोरिलेशन काढून खूश होऊ नका, त्याच्या जागी त्या सेक्टरचा इंडेक्स वापरा.

थांबा: बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर), स्प्लिट (एका शेअरचे तुकडे), डीमर्जर (एक धंदा वेगळी कंपनी म्हणून काढणं). रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, एचडीएफसी बँकेने ऑगस्ट २०२५ मध्ये. भाव अ‍ॅडजस्ट केलेला नसेल तर त्या आठवड्यात शेअर ५० टक्के पडल्यासारखा दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये टाटा मोटर्सचा कमर्शियल व्हेइकलचा धंदा वेगळा झाला तेव्हा अ‍ॅपवर शेअर एका दिवसात जवळपास ४० टक्के खाली दिसत होता, आमच्या ऑफिसात दोघा जणांनी घाबरून फोन फिरवले. प्रत्यक्षात दुसऱ्या कंपनीचे शेअर डीमॅटला येणार होते. असा एकच खोटा आठवडा १५६ आठवड्यांचं गणित बिघडवतो. एक्सचेंजच्या साइटवरून थेट डाउनलोड केलेल्या भावात ही दुरुस्ती केलेली आहे असं गृहीत धरू नका.

३. भाव नाही, परतावा

सगळ्यात जास्त माणसं इथे पडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

भावांच्या कॉलमवर थेट कोरिलेशन लावायचं नाही. गेल्या वीस वर्षांत घोडबंदर रोडच्या बिल्डिंगांचे मजले वाढले आणि ठाण्यात वडापावची किंमतही वाढली. दोन्हीचे आकडे टाकून कोरिलेशन काढा, ०.९ च्या वर जाईल, म्हणून काय टॉवरवर एक मजला चढला की वडापाव महागतो का? दोन्ही गोष्टी आपापल्या कारणाने वर गेल्या, एवढंच. शेअरचंही तसंच, तीन वर्षांच्या तेजीत बहुतेक सगळेच वर गेलेले असतात, भावावर काढलं की सगळे एकमेकांचे जुळे भाऊ दिसतात. आणि एक वर गेला, एक खाली आला, तर मायनस ०.७ वगैरे येतं आणि माणूस म्हणतो हेज (एक पडला की दुसरा सावरेल अशी जोडी) सापडला. सापडला काही नाही.

करायचं काय तर या आठवड्याचा भाव भागिले गेल्या आठवड्याचा भाव वजा एक. प्रत्येक शेअरसाठी नवीन कॉलम. १५७ भाव असले की १५६ परतावे मिळतात, पहिली ओळ रिकामी राहते ती रिकामीच ठेवा, शून्य टाकू नका.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कोरिलेशन सांगतं की आपापल्या सरासरीपेक्षा जास्त-कमी होणं सोबत होतं का. शेअर पैसे कमवून देईल का हे ते सांगत नाही. दोन शेअर्सचं कोरिलेशन ०.१ असूनही दोन्ही पाच वर्षांत निम्मे होऊ शकतात, वेगवेगळ्या आठवड्यात पडून.

तपासून घ्या: परताव्याच्या सगळ्या कॉलमना कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, २५ टक्क्यांच्या वर किंवा उणे २५ च्या खाली असेल तिथे पिवळा रंग. प्रत्येक पिवळा खण उघडून बघा, खरी बातमी होती की बोनस-स्प्लिटचा घोळ. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सहा पिवळे आले होते, त्यातले चार घोळ.

४. तक्ता

हे सोपं आहे. कोरेल फंक्शन, एका शेअरचा परतावा कॉलम, स्वल्पविराम, दुसऱ्याचा. १४ शेअर असतील तर जोड्या ९१ होतात, शेअरची संख्या गुणिले त्यातून एक वजा, भागिले दोन. हाताने करायला कंटाळा येईल, डॉलर चिन्ह लावून रेंज फिक्स करा आणि ओढत न्या. शेअर सेक्टरनुसार उभे-आडवे एकाच क्रमाने लावा, नंतर वाचायला बरं पडतं.

एफडी, पीपीएफ किंवा सेव्हिंग खात्याला शीटमध्ये कोरिलेशन लावू नका. परतावा दर आठवड्याला सारखाच असेल तर शून्याने भागल्याची एरर येते. लोक घाबरून विचारतात हे काय, काही नाही, जी गोष्ट हलतच नाही ती कोणाबरोबर हलणार. गणितात तिथे शून्य धरा.

तपासून घ्या: दोन वेगवेगळ्या फंड हाउसचे निफ्टी ५० ईटीएफ (शेअरसारखे एक्सचेंजवर मिळणारे फंड) घ्या आणि त्यांचं कोरिलेशन काढा. एकच माल आहे, एकच्या अगदी जवळ यायला पाहिजे. ०.७ आलं तर तुमच्या तारखा सरकल्यात, पायरी २ ला परत जा. ही तपासणी न करता पुढे गेलात तर पुढचं सगळं वाया.

५. गट पाडा, जोड्या बघत बसू नका

९१ आकडे समोर आले की डोकं गरगरतं आणि माणूस सगळ्यात लाल जोडी शोधतो. जोडी नका शोधू, गट शोधा. माझा नियम: ज्यांचं एकमेकांशी ०.६ किंवा जास्त आहे ते एका गटात. ०.६ काही वेदात लिहिलेलं नाही, तुम्ही ०.५५ धरा, पण एकदा धरलं की आवडत्या शेअरसाठी बदलू नका.

मेहुण्याच्या १४ शेअर्सचे चार गट झाले. पहिला कर्ज देणाऱ्यांचा, सात कंपन्या. दुसरा आयटी. तिसरा घरांचा: सिमेंट, बिल्डर, पेंट. चौथा एकटा एफएमसीजी. हाउसिंग फायनान्स पहिल्यात बसवला पण त्याचा एक पाय तिसऱ्यातही होता. मग रुपये मोजले, एकूण ९ लाख ६० हजार, त्यातले पहिल्या गटात ५ लाख ४० हजार, म्हणजे ५६ टक्के एकाच पैजेवर. आणि कागदावरची लाल ओळ आठवा: पगार आयटी, फ्लॅट घोडबंदर. म्हणजे दुसरा आणि तिसरा गट तर आयुष्यानेच आधी घेऊन ठेवला होता. तो गप्प बसला, चहा गार झाला.

आता जे आकड्यात नीट दिसत नाही ते डोक्याने शोधा. तीन गोष्टी खास करून.

मालक एकच आहे का? ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल, निफ्टी एका दिवसात जवळपास सहा टक्के पडला. सरकारी बँकांचा इंडेक्स १५ टक्क्यांच्या आसपास पडला, रेल्वे, डिफेन्स, वीज, तेल अशा सरकारी कंपन्याही जोरात आपटल्या, आणि त्याच दिवशी हिंदुस्तान युनिलिव्हर वर बंद झाला. ज्याच्याकडे एक सरकारी बँक, एक रेल्वेची कंपनी, एक डिफेन्सची आणि एक विजेची होती त्याला वाटत होतं आपण चार सेक्टरमध्ये आहोत. तो एकाच मालकाकडे होता. खाजगी ग्रुपचंही तेच, जानेवारी २०२३ मध्ये शॉर्ट सेलरचा (भाव पडला की कमावणाऱ्याचा) रिपोर्ट आला तेव्हा अदानी ग्रुपचे बंदर, वीज, गॅस, सिमेंट असे सगळे शेअर एकत्र पडले, सिमेंटने असं काय केलं होतं? काहीच नाही.

कच्चा माल एकच आहे का? क्रूड महागलं की पेंट, विमान कंपन्या, टायर यांना त्रास होतो, उलट तेल उपसणाऱ्या कंपनीला फायदा. पेंट आणि टायर सेक्टर म्हणून वेगळे दिसतात, क्रूडपुढे ते एकाच रांगेत.

गिऱ्हाईक एकच आहे का? आयटी आणि अमेरिकेला औषधं विकणारी फार्मा कंपनी, दोघांची कमाई डॉलरमध्ये. रुपया पडला की दोघांना बरं. पण मागणी पडण्याची कारणं वेगळी, म्हणून मी त्यांना वेगळ्या गटात ठेवतो, फक्त मनात खूण करून.

थांबा: गट पाडल्या पाडल्या विकायला धावू नका. अजून रिस्क मोजलीच नाही.

६. पूर्ण पोर्टफोलिओची रिस्क एका आकड्यात

इथे लोक मॅट्रिक्सचं गणित बघून पळून जातात. गरज नाही. एक नवीन कॉलम करा, प्रत्येक आठवड्यासाठी सगळ्या शेअर्सचा परतावा गुणिले त्या शेअरचा पोर्टफोलिओतला वाटा, आणि बेरीज. समप्रॉडक्ट फंक्शन हे एका झटक्यात करतं. हा झाला तुमच्या आजच्या पोर्टफोलिओचा आठवड्याचा परतावा. त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (परतावा सरासरीपासून साधारण किती वरखाली होतो तो आकडा) काढा आणि ५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण ७.२ ने गुणा. आठवड्याचं अडीच टक्के आलं तर वर्षाचं १८. सगळी कोरिलेशन्स त्यात आपोआप आली.

१८ म्हणजे काय? ढोबळ मानाने तीनपैकी दोन वर्षं परतावा सरासरीच्या १८ टक्के वरखाली राहील. दहा लाखावर एक लाख ऐंशी हजार. तिसऱ्या वर्षी यापेक्षा जास्त हलेल, आणि आपल्या मार्केटमध्ये वाईट वर्ष पुस्तकातल्या गणितापेक्षा जास्त वाईट येतं हे धरून चाला.

कोरिलेशनने किती फरक पडतो ते आकड्यात बघा. दोन शेअर, दोघांची वर्षाची व्होलॅटिलिटी (वर काढलं तेच वर्षाचं स्टँडर्ड डेव्हिएशन) ३० टक्के, पैसे अर्धे अर्धे. कोरिलेशन १ असेल तर पोर्टफोलिओही ३०. ०.८ असेल तर २८.५, म्हणजे दुसरा शेअर घेऊन फारसं काही मिळालं नाही. ०.२ असेल तर २३.२. शून्य असेल तर २१.२.

आता १४ शेअरवाल्यांसाठी खास: सगळे शेअर ३० टक्के व्होलॅटिलिटीचे, वाटे समान, आपसातलं सरासरी कोरिलेशन ०.६. दहा शेअर घेतले तर पोर्टफोलिओ २४. वीस घेतले तर २३.६. आणखी दहा कंपन्यांचे निकाल वाचायचे, आणखी दहा ठिकाणचे डिव्हिडंड रिटर्नमध्ये भरायचे, आणि कमाई ०.४ टक्के. त्याऐवजी दहाच शेअर पण सरासरी कोरिलेशन ०.३ असेल तर १८.२.

नवा शेअर घ्यायचा असेल तेव्हा प्रत्येक जुन्या शेअरशी जोडी लावून बघू नका, त्याचं कोरिलेशन थेट या पोर्टफोलिओ कॉलमशी काढा. थोडा वाटा घेतल्यावर रिस्क कमी कधी होते याची सोपी कसोटी आहे: पोर्टफोलिओची व्होलॅटिलिटी भागिले नव्या शेअरची व्होलॅटिलिटी, कोरिलेशन यापेक्षा कमी पाहिजे. पोर्टफोलिओ १८ आणि नवा स्मॉलकॅप (छोट्या कंपनीचा शेअर) ३६ असेल तर कोरिलेशन ०.५ च्या खाली असेल तरच उपयोग. ०.५५ म्हणजे दिसायला कमी, पण रिस्क वाढते, कारण तो स्वतःच इतका उड्या मारतो.

आणि हे ऐका, कारण हे कोणी आवडीने सांगत नाही. १८ टक्क्यांच्या पोर्टफोलिओतले १० टक्के काढून सोन्याच्या ईटीएफमध्ये टाकले, सोन्याची व्होलॅटिलिटी १५ आणि कोरिलेशन शून्य धरलं, तर रिस्क १६.३ होते. तेच १० टक्के एफडीत टाकले तर १६.२. एवढी शीट बनवून शेवटी आईने सांगितलेली एफडीच जिंकते की काय असं वाटतं. जिंकत नाही, पण रिस्क खूपच जास्त वाटत असेल तर पहिला उपाय हाच आहे, शेअर बदलत बसणं हा दुसरा.

७. वाईट आठवडे वेगळे काढा

लोकलचं बघा: सेंट्रल वेगळी, हार्बर वेगळी, ट्रान्सहार्बर वेगळी. रोज एक लाइन खोळंबली तरी माणूस दुसरीने फिरून घरी पोचतो, ठाण्याहून वाशी, वाशीहून कुर्ला. २६ जुलै २००५ ला सगळ्याच बंद होत्या. शेअर्सचं कोरिलेशन असंच वागतं, साध्या दिवसात ०.३ असलेली जोडी घबराटीत ०.८ ला जाते, कारण तेव्हा लोक कंपनी बघून विकत नाहीत, पैसे पाहिजेत म्हणून मिळेल ते विकतात.

म्हणून तीन वर्षांच्या सरासरी आकड्यावर थांबायचं नाही. निफ्टीचे सगळ्यात वाईट दहा आठवडे काढा आणि त्या दहा ओळींमध्ये तुमचा प्रत्येक शेअर किती पडला ते लिहा. फक्त दहा ओळींवर परत कोरिलेशन काढू नका, एवढ्याशा डेटात ते काहीही येतं, नुसते आकडे वाचा. मग जानेवारी ते जून २०२० चा डेटा वेगळा मागवा, कारण २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात जवळपास १३ टक्के पडला होता आणि तुमच्या तीन वर्षांत तो दिवस नाही. तेव्हा कोण किती पडलं, कोण किती महिन्यात परत आलं, हे दोन कॉलम भरा. परत यायला लागलेला वेळ मला पडण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, मुलाची फी तेवढा वेळ थांबत नाही.

तपासून घ्या: त्या वाईट आठवड्यांत तुमच्याकडे पडली नाही अशी निदान एक तरी गोष्ट होती का? सगळंच लाल असेल तर शेअर्सच्या बाहेर काहीतरी हवं, शेअर्सच्या आत शोधून मिळणार नाही.

८. आता बदल, आणि तेही हळू

क्रम पाळा. आधी नवीन पैसे वळवा. दर महिन्याची एसआयपी ज्या गटात आधीच जास्त आहे तिथली थांबवून कमी असलेल्या गटात सुरू करा, यात टॅक्स नाही. मेहुण्याचं निम्मं काम यातच होतंय, वेळ लागेल, लागू दे.

मग तोट्यातले जास्तीचे शेअर विका, एकाच गटातले चार असतील तर सगळ्यात कमजोर धंद्याचा आधी. शॉर्ट टर्म (वर्षाच्या आत विकलेल्याचा) तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातून, उरला तर आठ वर्षं पुढे नेता येतो पण रिटर्न वेळेत भरलेलं पाहिजे.

शेवटी नफ्यातले. लिस्टेड शेअर १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवला असेल तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा लाँग टर्म नफा टॅक्सफ्री, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत. अकरा महिने झालेला शेअर कोरिलेशन जास्त आहे म्हणून घाईत विकणं म्हणजे सरळ नुकसान, महिनाभर थांबा. ईएलएसएसला (टॅक्स वाचवायला घेतात तो फंड) तीन वर्षांचं लॉक इन आहे आणि एसआयपीच्या प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजतात, हे विसरून लोक विकायचा प्लॅन करतात.

वाटा किती ठेवायचा? मी कुठलाही गट २५ टक्क्यांवर जाऊ देत नाही, आणि पगार ज्या धंद्यातून येतो तो गट १० वर अडवतो. बँका आणि फायनान्स इंडेक्समध्येच एवढे आहेत की २५ पाळणं कठीण जातं, तिथे ३५ पर्यंत मी डोळेझाक करतो.

थांबा: कोरिलेशन कमी आहे म्हणून वाईट कंपनी घेऊ नका. बुडणाऱ्या कंपनीचं कोरिलेशन सगळ्यांशीच कमी असतं, ती आपल्याच नादात बुडत असते. एकेकाळी मी असाच एक साखरेचा शेअर घेतला, तक्त्यात मस्त हिरवा होता, दोन वर्षांत निम्मा झाला, आणि तो निम्मा होत असतानाही तक्त्यात हिरवाच दिसत होता. आधी ताळेबंद, मग कोरिलेशन.

९. परत कधी बघायचं

दर आठवड्याला नाही. आठवड्याला बघितलं तर आकडा उगाच हलतो आणि हात शिवशिवतात. वर्षातून दोनदा बास. त्या वेळी तीन वर्षांच्या आकड्याशेजारी फक्त शेवटच्या ५२ आठवड्यांचं कोरिलेशन ठेवा, ०.२ पेक्षा जास्त फरक दिसला तर कारण शोधा: कंपनीने धंदा बदलला, दुसरी कंपनी विकत घेतली, की डेटातच बोनस निघाला. कारण सापडलं नाही तर काही करू नका, पुढच्या वेळी परत बघा. एखादा गट ठरवलेल्या वाट्यापेक्षा पाच टक्के जास्त झाला तरच हात लावा.

दोनपैकी एक वेळ दिवाळीनंतरची ठेवा. दुसरी एप्रिलमध्ये ठेवतात बरेच जण, नवीन वर्ष नवीन शीट म्हणून, ते चूक आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेवा, कारण त्या सव्वा लाखातलं जे वापरलं नाही ते ३१ मार्चला संपतं, पुढच्या वर्षात जात नाही. आणि ३१ तारखेच्या दुपारी विकायला बसू नका, सुट्टी आली किंवा ऐनवेळी अ‍ॅप अडकलं तर वर्ष हातचं जातं.